चार वर्षांची बी.फार्म., तांदळातलं नाव आणि ऑन्टारिओचा परवाना

२०२१ च्या जुलैत एका दुपारी, दुकानातली गर्दी ओसरल्यावर, भाचीचा पुण्याहून फोन आला. "मामा, नॅपलेक्सचं पुस्तक मागवू का? माझ्या नणंदेच्या यजमानांनी तेच वाचलं होतं. न्यू जर्सीत त्यांचं छान चाललंय."

नॅपलेक्स म्हणजे अमेरिकेत फार्मसिस्टच्या परवान्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा. मी तिला एवढंच विचारलं, की ते बी.फार्म. कोणत्या साली झाले? ते १९९८ चे, आणि ही २०१६ ची. म्हटलं, थांब, पुस्तक मागवू नकोस.

मी कऱ्हाडला पंचवीस वर्षं मेडिकल चालवतो. परदेशात एक दिवसही काम केलेलं नाही. पण माझ्याकडे ट्रेनिंगला आलेली मुलं पुढे दुबई, लंडन, मेलबर्न अशी पांगली. त्यांचे फॉर्म आणि पत्रं बघता बघता परवान्यांच्या या जगाची मला ओढ लागली. भाचीच्या प्रकरणात तर पहिल्या फोनपासून परवाना हातात येईपर्यंत मी बरोबर होतो. तिच्या संमतीनं ते इथे मांडतोय, फक्त नाव देत नाही.

तेव्हाची परिस्थिती अशी होती. तिची बी.फार्म. चार वर्षांची. त्यानंतर पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी. २०१९ ला लग्न. नवरा आयटीत, आणि कंपनी त्याला बाहेर पाठवायला तयार होती. अमेरिका की कॅनडा, हे दोघांनी ठरवायचं होतं. त्याला दोन्ही सारखेच, म्हणून निर्णय हिच्यावर सोडला होता. "जिथे तुला फार्मसिस्ट म्हणून लवकर उभं राहता येईल, तिथे जाऊ," असं तो म्हणाला होता. हा समजूतदारपणा फार महत्त्वाचा ठरला. बहुतेक घरांत आधी नवऱ्याचा व्हिसा येतो, आणि आपली डिग्री तिथे चालत नाही हे बायकोला विमानातून उतरल्यावर कळतं.

प्रत्येक देशाचा प्रश्न वेगळा

आपल्याकडे डिग्री आणि परवाना यांत फारसं अंतर नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त कॉलेजातून बी.फार्म. झालं, की राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे अर्ज करायचा आणि नोंदणी करून घ्यायची. वेगळी परीक्षा नाही. डी.फार्म. या डिप्लोमासाठी एक्झिट परीक्षेचा नियम २०२२ मध्ये आला, पण बी.फार्म.वाल्यांना तो लागू नाही. त्यामुळे आपली मुलं डिग्रीलाच परवाना समजतात. बाहेरच्या देशांत डिग्रीमुळे परीक्षेला बसण्याचा हक्क फार तर मिळतो, आणि काही ठिकाणी तोही नाही.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथे परदेशी पदवीधरांची कागदपत्रं नॅशनल असोसिएशन ऑफ बोर्ड्स ऑफ फार्मसी तपासते. त्यांचा नियम असा, की १ जानेवारी २००३ पासून पुढे पदवीधर झालेल्याचा फार्मसीचा मूळ अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असला पाहिजे. त्याआधीच्यांना चार वर्षं चालतात. म्हणजे १९९८ चा माणूस आत गेला आणि २०१६ ची मुलगी बाहेर राहिली, यात हुशारीचा काही संबंध नाही. नॅपलेक्स ही तर पुढची पायरी. त्याआधी परदेशी पदवीधरांसाठीची एफपीजीईई नावाची परीक्षा, इंग्रजीची टोफेल, राज्याने ठरवलेले इंटर्नशिपचे तास, हे सगळं येतं. भाचीला यातल्या पहिल्याच परीक्षेचा फॉर्म भरता येत नव्हता.

"मग एम.फार्म. करते. चार नि दोन, सहा होतील," ती म्हणाली. हा हिशोब मी निदान दहा मुलांच्या तोंडून ऐकलाय. तो चालत नाही. परवाना देणाऱ्या मूळ पदवीचीच वर्षं धरली जातात, वरची पदव्युत्तर वर्षं त्यात मिळवत नाहीत. आपल्याकडे २००८ पासून सुरू झालेला सहा वर्षांचा फार्म.डी. मात्र या अटीत बसतो. बारावीनंतरच ज्याच्या डोक्यात अमेरिका पक्की आहे, त्याला मी म्हणूनच आधी फार्म.डी.ची चौकशी करायला सांगतो. हे सांगायची वेळ बारावीचीच असते. बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला कळून उपयोग नसतो.

इंग्लंडचा प्रश्न निराळा. वर्षं कमी म्हणून ते दार लावत नाहीत, पण आमच्याकडे येऊन एक वर्ष शिका म्हणतात. जनरल फार्मास्युटिकल कौन्सिल ही तिथली नियामक संस्था, तिच्या नियमांप्रमाणे आधी तुमची पात्रता तपासली जाते. मग ओस्पॅप हा एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, जो ब्रायटन, ॲस्टन, हर्टफर्डशर, संडरलँड अशा मोजक्या विद्यापीठांत आहे. त्यानंतर ५२ आठवड्यांचं फाउंडेशन ट्रेनिंग आणि शेवटी तिथल्या मुलांबरोबर तीच नोंदणी परीक्षा. इंग्रजीसाठी आयल्ट्समध्ये चारही भागांत, एकाच बैठकीत, किमान ७. माझ्याकडे ट्रेनिंग केलेला एक मुलगा रायटिंगच्या साडेसहावर तीनदा अडकला होता. रस्ता स्वच्छ आहे, पण ओस्पॅपची फी परदेशी विद्यार्थ्याची असते आणि त्या वर्षी पूर्ण पगार नसतो.

ऑस्ट्रेलियात आधी केॲप्स ही ज्ञानाची परीक्षा. दोन पेपर, दोन्ही संगणकावर, भारतात बसूनही देता येतात. पुढे तिथे जाऊन देखरेखीखाली इंटर्नशिप, लेखी आणि तोंडी परीक्षा. जर्मनीत भाषा हाच डोंगर आहे. रोजची जर्मन बी-टू पातळीची, आणि रुग्णाशी नि डॉक्टरशी बोलायच्या व्यावसायिक भाषेची सी-वन पातळीची वेगळी परीक्षा. आखाताचा रस्ता सगळ्यांत छोटा. डेटाफ्लो नावाची कंपनी तुमची कागदपत्रं मूळ ठिकाणी विचारून पडताळते, अनुभव दाखवायचा, संगणकावरची एक परीक्षा द्यायची. कोकणातल्या कितीतरी घरांची चूल या रस्त्यानं पेटली आहे. पण दुबईचा परवाना घेऊन टोरांटोत काही मिळत नाही, तिथे पुन्हा शून्यापासून सुरुवात.

राहिला कॅनडा. तिथे चार वर्षांची बी.फार्म. चालते. ते म्हणतात, किती वर्षं शिकलात ते राहू द्या, आमच्या पदवीधराइतकं येतं का ते दाखवा. आणि मग ते एकदा नाही, तीनदा दाखवायला लावतात. फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड ऑफ कॅनडा, म्हणजे सगळे ज्याला पेबेक म्हणतात, ती संस्था १९६३ पासून हे काम करते. आधी कागदपत्रांचं मूल्यमापन, मग इव्हॅल्युएटिंग परीक्षा, मग क्वालिफाइंग परीक्षेचे दोन भाग. एक भाग लेखी आणि दुसरा प्रत्यक्ष माणसांसमोर. क्वेबेक प्रांत या व्यवस्थेच्या बाहेर आहे, तिथला कारभार स्वतंत्र आणि फ्रेंचमधला.

रविवारी ती आणि जावई कऱ्हाडला आले. दुकानाच्या मागच्या खोलीत खोक्यांवर बसून आम्ही तिघांनी हे सगळं वहीत मांडलं. संध्याकाळी कॅनडा ठरला. अमेरिकेत पगार बरा असता असं जावयाच्या मनात होतं, पण तो म्हणाला, "तिथे ही दहा वर्षं घरी बसेल. ते नको."

तांदळातलं नाव

परीक्षेच्या अभ्यासाची तिला घाई झाली होती. मी म्हटलं, आधी फाईल आण. आणि फाईल उघडल्यावर पहिले सात महिने कुठे जाणार ते दिसलं.

बी.फार्म.च्या मार्कशीटवर आपल्या पद्धतीप्रमाणे आधी आडनाव, मग तिचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. कौन्सिलच्या नोंदणीवर माहेरचंच नाव, पण आईचं नाव नाही. आणि पासपोर्टवर सासरचं आडनाव, नवऱ्याचं नाव आणि तिचं पहिलं नावही वेगळं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं जे नाव लिहिलं गेलं, तेच हौसेनं पासपोर्टला लावलं होतं. घरात तिला त्या नावानं कुणी हाकही मारत नाही. पण टोरांटोतल्या कारकुनासमोर ती कागदपत्रं ठेवली तर तिथे दोन अगदी वेगळ्या बायका होत्या. एक फार्मसी शिकलेली आणि दुसरी कॅनडाला निघालेली.

यात तिला दोष नाही, सासरच्यांनाही नाही. ही आपली रीत आहे आणि त्या दिवशी सगळे आनंदात असतात. पण मुलीची डिग्री एका नावावर असताना दुसऱ्या नावाचा पासपोर्ट काढणं म्हणजे तिच्या चार वर्षांच्या शिक्षणावर धूळ टाकणं आहे, हे कुणीतरी त्या मांडवात सांगायला हवं. मी मामा होतो, मांडवात होतो आणि मीही सांगितलं नाही.

उपाय असा केला. विवाह नोंदणीचा दाखला आधीचाच होता, त्यावर दोन्ही आडनावं होती. पहिल्या नावातला बदल महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात रीतसर प्रसिद्ध करून घेतला. नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केलं, की या तिन्ही नावांची व्यक्ती मीच. विवाहाचा दाखला मराठीत होता, त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर. हे सगळं एकत्र गेलं तेव्हा एकदाही शंका आली नाही.

दुसरी अडचण मात्र पूर्ण आमच्या चुकीनं झाली. कॅनडाला कौन्सिलचं पत्र लागतं, की ही व्यक्ती आमच्याकडे नोंदलेली आहे आणि तिच्यावर काही कारवाई झालेली नाही. ते पत्र कौन्सिलकडून थेट तिकडे जावं लागतं, तुमच्या हातून गेलेलं चालत नाही. विद्यापीठाच्या ट्रान्स्क्रिप्टचंही, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचंही, तसंच. भाचीच्या नोंदणीचं नूतनीकरण राहून गेलं होतं. हॉस्पिटलमध्ये कुणी विचारलं नाही, हिनं बघितलं नाही. आधी नूतनीकरण, मग पत्राचा अर्ज, त्यात आम्ही पत्ता जुना लिहिला, म्हणून तो परत आला. असे दोन महिने गेले. ट्रान्स्क्रिप्टच्या अर्जात एका सेमिस्टरची मार्कशीट जोडायची राहिली, तो महिना वेगळाच.

अर्ज करण्याचा क्रमही सांगून ठेवतो, कारण इथे मुलं गोंधळतात. आधी फार्मसिस्ट्स गेटवे कॅनडा या ठिकाणी नाव नोंदवून एक राष्ट्रीय ओळख क्रमांक घ्यायचा. तो घेऊन पेबेककडे कागदपत्रांच्या मूल्यमापनाचा अर्ज. ते मान्य झाल्यावर परीक्षेचा फॉर्म. हे सगळं भारतात असतानाच करता येतं आणि इथे असतानाच करावं. मुंबईला किंवा विद्यापीठात खेटे घालायला तिथून कोण येणार?

२०२२ च्या उन्हाळ्यात मूल्यमापन मंजूर झालं. ऑगस्टमध्ये दोघं कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, टोरांटोजवळच्या मिसिसागाला गेली.

पहिला पेपर आणि पहिलं अपयश

तिथे तिला एका औषधाच्या दुकानात फार्मसी असिस्टंटचं काम मिळालं. या कामाला परवाना लागत नाही. टेक्निशियनला मात्र ऑन्टारिओत परवाना लागतो. गोळ्या मोजायच्या, म्हाताऱ्या माणसांच्या आठवड्याच्या गोळ्यांचे कप्पे भरायचे, फोन उचलायचे. साडेचार वर्षांच्या अनुभवानंतर हे काम करताना तिला सुरुवातीला फार लागलं. रात्री फोन करून रडली एकदा. "मामा, इथे मला 'हे औषध कशासाठी आहे' एवढं सांगायचीही मुभा नाही. विचारलं तर फार्मसिस्टला बोलवायचं."

पण त्याच नोकरीनं तिला वाचवलं, असं माझं ठाम मत आहे. कारण इव्हॅल्युएटिंग परीक्षेत ती जानेवारी २०२३ ला नापास झाली. कॉलेजात ती पहिल्या पाचात होती. फार्मास्युटिक्स, मेडिसिनल केमिस्ट्री, फार्माकॉग्नोसी तोंडपाठ. त्याच बळावर तिनं अभ्यास केला होता. पेपर बघितल्यावर कळलं, की रसायनशास्त्राचा वाटा त्यात आहे, पण मोठा भाग रुग्णाचा आहे. अमुक वयाची बाई, अमुक आजार, ही चार औषधं चालू आहेत, आता हे पाचवं लिहून आलंय, तुम्ही काय कराल? पर्यायांत दोन बरोबर वाटतात, आणि त्यातला जास्त बरोबर निवडायचा. शिवाय तिथली आरोग्य व्यवस्था, नीतिनियम आणि संशोधनाचे निबंध वाचता येतात का, यावरही प्रश्न होते.

नावांचा त्रासही होता. पॅरासिटामॉल म्हणजे तिकडे ॲसिटामिनोफेन. ॲड्रेनॅलिन म्हणजे एपिनेफ्रिन. हे पाठ करता येतं. अवघड होतं ते जुनं विसरणं. आपल्याकडे दोन-तीन औषधं एका गोळीत घालण्याची इतकी सवय आहे, की २०१६ मध्ये सरकारनं अशा ३४४ मिश्रणांवर एकाच वेळी बंदी आणली, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी घातली गेली. अशा गोळ्यांच्या राज्यात काम केलेल्या मुलीला औषध म्हणजे ब्रँड. एकेक मूळ औषध सुटं करून, त्याची मात्रा, मूत्रपिंड कमकुवत असेल तर मात्रा किती कमी करायची, असा विचार करायची सवयच नव्हती. तिला नाही, तशी मलाही नाही. तिच्याबरोबर मी ती शिकलो, वयाच्या ५१ व्या वर्षी.

दुसऱ्या वेळी तिनं अभ्यासाची दिशा बदलली. दुकानात दिवसभर ज्या चिठ्ठ्या भरल्या, त्यातल्या तीन रोज संध्याकाळी आठवून लिहायच्या, रुग्णाचं नाव-गाव काही न लिहिता. हे औषध का, याच्याबरोबर का, याची मात्रा एवढीच का, काय बिघडू शकतं? सहा महिन्यांत पाचशेच्या आसपास अशा चिठ्ठ्या झाल्या. २०२३ मध्येच ती दुसऱ्या प्रयत्नात पास झाली. तिथे संधी मोजक्याच असतात, हे डोक्यावर असताना तो निकाल आला. त्या दिवशी आमच्या दुकानात पेढे वाटले.

मामी पेशंट होते

ऑन्टारिओनं परदेशी पदवीधरांसाठी पूल बांधावा तसा एक अभ्यासक्रम टोरांटो विद्यापीठात चालवला आहे, २००१ पासून. भाचीनं तो केला. लेखी भागाची तयारी तिथे झालीच. खरी भीती होती दुसऱ्या भागाची, ओस्कीची. एका पाठोपाठ एक खोल्या, प्रत्येकीत काही मिनिटं. कुठे रुग्णाचं काम करणारा शिकवलेला माणूस बसलाय, कुठे फोनवर डॉक्टर आहे, कुठे नुसती चिठ्ठी आणि त्यातली चूक शोधायची. घंटा वाजली की बाहेर.

सरावासाठी ती रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करायची. मी पेशंट व्हायचो. मी वाईट पेशंट होतो, कारण मला आजार माहीत असायचा आणि मी तिला हवं ते उत्तर देऊन टाकायचो. तिसऱ्या रविवारी तिनंच म्हटलं, "मामींना द्या फोन."

आमच्या सौ.नी खुर्ची ओढली आणि सुरू केलं. "अगं, गुडघा धरलाय बघ. पावसाळ्यात जास्तच. शेजारच्या काकूंनी सांगितलं तसं तेल लावलं, आता त्यांच्या सुनेचं बाळंतपण आहे..." भाचीनं ऐकता ऐकता मध्येच तोडलं आणि गुडघ्यासाठी काय घ्यावं ते सांगायला लागली. वेळ संपली. मी म्हटलं, नापास.

"का? मी बरोबर सांगितलं की."

"तू विचारलंस का, ती आत्ता काय घेते?"

पुन्हा सुरू केलं. या वेळी तिनं थांबून विचारलं, मामी, दुखतं तेव्हा तुम्ही आत्ता काय घेता? आणि मामींनी सहज सांगितलं, काकूंनी कॉम्बिफ्लॅमची स्ट्रिप दिलीय, सकाळ-संध्याकाळ एक-एक, दीड महिना झाला. माझ्या पोटात गोळा आला. सौ. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी घेते, ती रोज मीच काढून देतो. त्यावर कॉम्बिफ्लॅममधलं आयब्युप्रोफेन रोज, म्हणजे मूत्रपिंडावर तिन्ही बाजूंनी मार. फार्मसीच्या पुस्तकांत हे त्रिकूट लाल अक्षरांत असतं. पंचवीस वर्षं काउंटरवर उभा असलेल्या माणसाच्या घरात ते दीड महिना चालू होतं आणि मला पत्ता नव्हता, कारण मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मूत्रपिंडाचं काम कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घेतलं, वर सरकलेलं होतं. गोळी बंद केली, डॉक्टरांना दाखवलं, महिन्याभरात उतरलं.

भाचीची तयारी त्या रविवारपासून बदलली. तोवर ती माहिती द्यायला खोलीत जात होती. ओस्कीत माहितीला गुण आहेत, पण आधी बघतात ते तुम्ही समोरच्याला बोलू दिलं का, खरी अडचण बाहेर आली का, आणि शेवटी त्याला नीट कळलं का. आपण "ही सकाळी जेवणानंतर, ही रात्री" असं सांगून स्ट्रिप पुढे सरकवतो. गर्दी असते, मान्य आहे. माझ्या काउंटरवरही असते. पण त्या दिवसापासून दुखण्यावरचं औषध मागणाऱ्या प्रत्येक चाळिशीपुढच्या माणसाला मी बीपीची गोळी चालू आहे का, एवढं विचारतोच. पाच सेकंद लागतात.

नोव्हेंबर २०२४ ला तिनं दोन्ही भाग दिले आणि दोन्हींत पास झाली.

परवाना आणि त्यानंतर

पेबेकचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे, हेही बऱ्याच जणांना उशिरा कळतं. परवाना प्रांत देतो. भाचीच्या बाबतीत ऑन्टारिओ कॉलेज ऑफ फार्मसिस्ट्स. कॉलेज हा शब्द इथे फसवा आहे, ते शिकवत नाहीत, नियमन करतात. आपल्या राज्य कौन्सिलसारखं. त्यांची कायदा आणि नीतीची परीक्षा असते. इंग्रजीचा पुरावा लागतो. आणि पेस नावाची पायरी, जिथे एक अनुभवी फार्मसिस्ट साधारण दोन आठवडे तुमच्या शेजारी उभा राहून तुम्हाला खऱ्या रुग्णांबरोबर काम करताना जोखतो. इंटर्न म्हणून नोंदणी करून तिनं हे सगळं २०२५ च्या पहिल्या सहामाहीत संपवलं. जूनमध्ये परवाना आला. पहिल्या फोनपासून चार वर्षांना एक महिना कमी.

खर्चाबद्दल सगळे विचारतात. परीक्षांच्या फिया दरवर्षी सरकतात, त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच बघाव्यात. आम्ही वहीत हिशोब ठेवला होता. फिया, अभ्यासक्रम, भाषांतरं, कुरिअर हे सगळं मिळूनही मोठा आकडा दुसराच निघाला. तीन वर्षं असिस्टंटच्या पगारावर काढली, तो. फार्मसिस्टच्या पगारातून तो वजा करून बघा, मग कळतं. नवऱ्याची नोकरी होती म्हणून निभलं. एकट्या मुलीनं किंवा मुलानं जायचं असेल तर निदान दोन वर्षांची शिदोरी गाठीशी हवी, असं मी सांगतो. कर्ज काढून जाणाऱ्याला मी आधी इव्हॅल्युएटिंग परीक्षा किती कठीण आहे ते दाखवतो.

आता तिचं काम काय आहे, ते सांगतो, कारण मला त्याचं फार अप्रूप आहे. ऑन्टारिओत १ जानेवारी २०२३ पासून फार्मसिस्ट १३ किरकोळ आजारांवर स्वतः औषध लिहून देऊ शकतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यात आणखी सहा आले. लघवीचा साधा संसर्ग, डोळे येणं, गोचीड चावणं, तोंड येणं, अशी ती यादी. अल्बर्टा प्रांत तर याहून पुढे आहे, तिथे जास्तीचा अधिकार मिळवलेले फार्मसिस्ट २००७ पासून औषधं लिहून देतात.

वरवर बघता वाटेल, हे तर आमच्या गल्लीतला प्रत्येक मेडिकलवाला रोज करतो. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागायला येणारी माणसं आणि देणारी दुकानं मी रोज बघतो. कायद्यानं ते चूक आहे आणि त्यातून होणारं नुकसान आपल्या सगळ्यांच्या वाट्याला येतंय. काही दुकानांत तर भिंतीवरच्या प्रमाणपत्राचा धनी काउंटरवर कधी दिसतच नाही. याची मला मनापासून चीड येते, कारण माझ्या हाताखाली शिकलेल्या चांगल्या मुलांना त्यामुळे "नुसतं सर्टिफिकेट दे, यायची गरज नाही" असं सांगणारे मालक भेटतात.

भाची त्याच लघवीच्या संसर्गाचं औषध देते तेव्हा आधी पंधरा प्रश्न विचारते. ताप आहे का, कंबरेत दुखतं का, गरोदर आहात का, गेल्या काही महिन्यांत असंच झालं होतं का. एकाचंही उत्तर वेगळं आलं तर औषध न देता डॉक्टरकडे पाठवते. दिलं तर का दिलं ते लिहून ठेवते, रुग्णाच्या डॉक्टरला कळवते आणि दोन-तीन दिवसांनी फोन करून विचारते, बरं वाटलं का? पहिल्या महिन्यात एका बाईला तिनं परत पाठवलं. बाई चिडली. संध्याकाळी भाचीचा मला फोन, "मामा, मी घाबरले होते, पण तिला थंडी वाजून ताप होता. देऊन टाकलं असतं तर तिनं आभार मानले असते." त्या बाईला मूत्रपिंडाचा संसर्ग निघाला. चौथ्या दिवशी ती दुकानात येऊन भेटून गेली.

गेल्या महिन्यात माझ्याकडे पाचशे तासांच्या ट्रेनिंगला आलेल्या डी.फार्म.च्या मुलानं हे सगळं ऐकून विचारलं, "सर, मला जमेल का कॅनडा?" डी.फार्म.वर तिथे फार्मसिस्ट होता येत नाही, हे सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. मग त्याला बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाबद्दल सांगितलं. पुढेमागे बाहेर अर्ज करायचा झाला तर डिप्लोमाच्या वर्षांचीही ट्रान्स्क्रिप्ट लागेल, म्हणून त्या मार्कशीट जपून ठेवायच्या, हेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो फाईल घेऊन आला. दहावीच्या प्रमाणपत्रावर आईचं नाव "सुनीता" आणि बारावीच्या "सुनिता". बोर्डाच्या दुरुस्तीचा फॉर्म आम्ही दोघांनी बसून तिथेच भरला.